चिंच लावण्याआधी एक हंगाम चिंच फोडून बघा



"एकरी चाळीस झाडं, पाणी नको, फवारणी नको, जनावराची भीती नाही. एकदा लावा आणि पुढच्या दोन पिढ्या बसून खा!" चिंचेबद्दलचं हे गणित तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. दहा बाय दहा मीटरवर लावलं की एकरात चाळीस झाडं बसतात, हे खरं आहे. पूर्ण वाढलेलं झाड चांगल्या वर्षी दीडशे किलो चिंच देतं, हेही खोटं नाही. मग चाळीस गुणिले दीडशे म्हणजे साठ क्विंटल, गुणिले तीस रुपये, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. खर्च शून्य. टाळ्या.

हे गणित मांडणारा माणूस बहुतेक वेळा रोपं विकत असतो. रोपं विकणं हा चांगला धंदा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुम्ही नुकतेच धंद्यात पडताय, खिशात चाळीस-पन्नास हजार आहेत आणि येत्या वर्षात घरात चार पैसे यायला हवेत, तर चिंचेची लागवड हा तुमचा पहिला धंदा नाही. माझं मत सरळ आहे. चिंचेचा धंदा करायचा असेल तर झाड सगळ्यात शेवटी. आधी एक हंगाम दुसऱ्याच्या झाडाची चिंच घ्या, ती फोडा, वाळवा, विका. मग ठरवा.

आता झाडाबद्दल. चिंचेला नावं ठेवायची माझी अजिबात इच्छा नाही. दुष्काळी पट्ट्यात जे मोजके जीव तग धरून उभे असतात, त्यात चिंच पहिल्या रांगेत. मूळ खोल जातं, माती हलकी असली तरी चालतं, विहिरी कोरड्या पडल्या तरी झाड हिरवंच. वर्षभर सावली. लाकूड इतकं चिवट की जुन्या घाण्यांना आणि उखळांना हेच वापरायचे. गंमत म्हणजे इतकं आपलं वाटणारं हे झाड मूळचं आफ्रिकेतलं. अरबांनी त्याला 'तमर हिंदी' म्हणजे हिंदचा खजूर म्हटलं, त्यावरून इंग्रजांचं टॅमरिंड आलं, आणि आपण तर ते इतकं आपलंसं केलं की त्यावर भुतंसुद्धा बसवली.

पण उद्योजकानं झाडाचा चिवटपणा आणि धंद्याचा चिवटपणा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. झाड मरत नाही म्हणून धंदा मरत नाही, असं नसतं.

बियांपासून लावलेली चिंच फळाला यायला आठ-दहा वर्षं घेते, कधी त्याहून जास्त. कलम असेल तर चार-पाच वर्षांत फळ दिसतं. छत्रपती संभाजीनगरच्या फळ संशोधन केंद्रानं दिलेलं 'प्रतिष्ठान' हे वाण आपल्याकडे माहितीचं आहे, तमिळनाडूच्या पेरियाकुलमचं 'पीकेएम १' आहे. ही चांगली वाणं आहेत. पण फळ दिसणं वेगळं आणि झाडाखाली पोती भरणं वेगळं. दीडशे किलोचा आकडा मोठ्या, जुन्या झाडाचा आहे, पाचव्या वर्षाच्या कलमाचा नाही. शिवाय चिंच एक वर्ष भरभरून येते आणि पुढच्या वर्षी हात आखडते. हे तिच्या स्वभावातच आहे. आणि ज्या वर्षी तुमच्या झाडाला चिंच लगडते, त्या वर्षी बहुधा शेजारच्या गावातही लगडलेली असते. म्हणजे माल भरपूर तेव्हा भाव पडलेला, आणि भाव चांगला तेव्हा माल नाही. दरवर्षी साठ क्विंटल गुणिले तीस रुपये हे गणित तिथंच मोडतं.

ज्यांच्याकडे पडीक जमीन आहे, पोटाला दुसरं उत्पन्न आहे, त्यांनी बांधावर जरूर चिंच लावावी. आपल्या राज्यात १९९० पासून रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडलेली आहे, आणि चिंच त्या झाडांमध्ये येते. कृषी सहायकाला विचारा. पण ती लागवड म्हणजे मुलांसाठी ठेव. या वर्षीचा धंदा नव्हे.

या वर्षीचा धंदा आधीच उभा आहे

तुमच्या गावाच्या पाच-सात किलोमीटरच्या परिसरात फिरून या आणि चिंचेची झाडं मोजा. बांधावरची, ओढ्याकाठची, देवळामागची, जुन्या रस्त्याच्या कडेची. मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे, बीड-धाराशिवकडे तर वही भरेल. यातली कितीतरी झाडं आजोबांनी लावलेली किंवा कुणीच न लावलेली आहेत. मालकाला त्यांच्याकडून फार अपेक्षा नसते. हंगामात व्यापाऱ्याचा माणूस येतो, झाडाकडे मान वर करून बघतो, एक आकडा सांगतो आणि उक्तं झाड घेऊन जातो. काही मालक तर वर्षानुवर्षं त्याच आकड्याला झाड देतात. ग्रामपंचायतीच्या मालकीच्या झाडांचा लिलाव होतो, त्याची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते. ती वाचायची सवय लावा.

पण पहिल्या वर्षी झाड उक्तं घेऊ नका. मान वर करून झाडावर किती क्विंटल आहे ते सांगणं ही वीस वर्षांची विद्या आहे. व्यापाऱ्याच्या माणसाला ती येते, तुम्हाला नाही. तुमचा अंदाज पन्नास किलोनं चुकला की त्या झाडाचा नफा गेला. पहिल्या वर्षी वजनावर घ्या. झोडपून, गोळा करून, पोत्यात भरलेली चिंच काट्यावर टाकायची आणि मालकाला किलोप्रमाणे पैसे द्यायचे. मालकाला हा व्यवहार आवडतो, कारण त्यातही त्याला पहिल्यांदाच कळतं की आपलं झाड किती देतं.

झोडपायच्या कामाला अनुभवी माणूसच लावा. चिंचेच्या झाडावरून पडून माणसं जन्माची अधू होतात. शिवाय काठीनं उगाच झोडपलं की पुढच्या बहाराच्या कोवळ्या फांद्या मोडतात. फांदी हलवून जितकी पडेल तितकी पाडायची, उरलेलीलाच काठी. आणि घाई करायची नाही. टरफल वाळून कुरकुरीत झालं, आतला गर टरफलापासून सुटला, की चिंच तयार. गाभुळलेली चिंच खायला झकास, साठवायला बेकार.

आता खरा हिशेब

कागद-पेन घ्या. चिंचेच्या फळात साधारण पंचावन्न टक्के गर, चौतीस टक्के चिंचोके आणि अकरा टक्के टरफल-शिरा असतात. झाडाप्रमाणे हे थोडं पुढंमागं होतं, पण हिशेबाला हे धरा. म्हणजे टरफलासकट दहा क्विंटल चिंच घेतली तर साडेपाच क्विंटल गर, तीन क्विंटल चाळीस किलो चिंचोके आणि एक क्विंटल दहा किलो कचरा.

पुढचे भाव मी फक्त समजावण्यासाठी धरलेत. तुम्ही त्या जागी तुमच्या बाजार समितीतला भाव टाका.

टरफलासकट चिंच तीस रुपये किलो. दहा क्विंटलचे तीस हजार. वाहतूक, बारदान, हमाली मिळून तीन हजार. आता फोडणं. समजा एक बाई दिवसाला पंधरा किलो स्वच्छ गर काढते, म्हणजे टरफल फोडून, शिरा ओढून, चिंचोके वेगळे करून. दिवसाची मजुरी तीनशे धरली तर किलोला वीस रुपये. साडेपाचशे किलोचे अकरा हजार. एकूण चव्वेचाळीस हजार. यातून चिंचोके विकून दहा रुपये किलोनं तीन हजार चारशे परत आले. राहिले चाळीस हजार सहाशे. गर वाळवला, निवडला, की साडेपाचशेचे सव्वापाचशे किलो होतात. म्हणजे किलोला सुमारे सत्त्याहत्तर रुपये पडले.

एप्रिलमध्ये आवक जोरात असताना तो गर तुम्ही पंच्याऐंशी रुपयांनी अडत्याकडे टाकला, तर हातात चव्वेचाळीस हजार सहाशे पंचवीस. नफा चार हजार पंचवीस. अडत, तोलाई अजून कापायची आहे. आणि खरेदी तीसऐवजी छत्तीस रुपयांनी झाली असती, तर दोन हजारांचा तोटा.

आता बघा, हाच हिशेब बरेच जण कसा मांडतात. मजुरीच्या रकान्यात लिहितात, 'घरचे लोक'. पुढे शून्य. लगेच नफा चार हजारांवरून पंधरा हजारांवर जातो. मग ते पंधरा हजार सांगून दुसऱ्याला धंदा शिकवतात.

मला या शून्याचा राग आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. साडेपाचशे किलो गर भागिले पंधरा म्हणजे एका बाईचे सदतीस दिवस होतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या सावलीला, मांडी घालून, हातोडीनं किंवा दगडानं चिंच फोडायची. चिंचेच्या आंबटानं बोटांची टोकं सोलवटतात, भेगेत आंबट गेलं की रात्री झोप लागत नाही. मान, कंबर, गुडघे वेगळेच. हे काम आई करते, बायको करते, वहिनी करते, आणि वहीत तिचं नाव 'घरचे लोक'. त्या सदतीस दिवसांत तीच बाई दुसऱ्याच्या फडात गेली असती तर रोख घेऊन आली असती. मग तुमचा धंदा पंधरा हजार कमावतोय की तिच्या अकरा हजारांवर तुमचं नाव लिहितोय?

हा नुसता भावनेचा मुद्दा नाही, धंद्याचाही आहे. मजुरी शून्य धरलेला धंदा वाढवता येत नाही. पुढच्या वर्षी दहाऐवजी पन्नास क्विंटल घ्यायचे ठरवले, तर घरात पाच आया नसतात. बाहेरच्या बायका लावाव्या लागतात, आणि पहिल्या दिवशी कळतं की आपला विक्रीचा भाव मजुरीसकट परवडतच नाही. म्हणून पहिल्या पोत्यापासून मजुरी लिहा. घरच्या बाईच्या हातात दर आठवड्याला रोख द्या किंवा तिच्या खात्यात टाका. ती रक्कम तिनं पुन्हा घरात खर्च केली तर तो तिचा निर्णय.

आणि मी वर 'समजा पंधरा किलो' म्हटलं, ते तसंच ठेवू नका. घड्याळ लावा. दहा किलो चिंच मोजून द्या, फोडून स्वच्छ गर किती निघाला आणि किती तास लागले ते लिहा. दोन वेगवेगळ्या झाडांच्या चिंचेवर हा प्रयोग करा. एका झाडाची चिंच जाड, गरदार, चिंचोका पटकन सुटणारी असते. दुसरीची बारीक, वाकडी, नुसत्या शिरा. दोन्हीची मजुरी सारखी, गर मात्र कमी-जास्त. पुढच्या वर्षी कुठल्या झाडाला दोन रुपये जास्त द्यायचे आणि कुठलं सोडून द्यायचं, हे याच वहीतून कळतं. तुमच्या परिसरातल्या झाडांची अशी वही तयार झाली की ती कुठल्याही कोर्सपेक्षा महाग आहे.

यंत्राबद्दल विचाराल. चिंच फोडायची, चिंचोके काढायची यंत्रं आहेत, कृषी विद्यापीठांनीही विकसित केली आहेत. पण गर चिकट असतो. चिंच नीट वाळलेली नसेल तर यंत्र अडतं, आणि फार वाळली तर गराचा चुरा होतो. पहिल्या वर्षी यंत्र घेऊ नका. दुसऱ्या वर्षी स्वतःची चिंच पोत्यात भरून यंत्रवाल्याकडे न्या, डोळ्यासमोर चालवून बघा, निघालेला गर वजन करा आणि मग बोला.

पैसा थांबण्यात आहे, पण थांबायला खर्च येतो

एप्रिलमध्ये सगळ्यांची चिंच एकदम येते. लातूर, बार्शी, अहिल्यानगर अशा बाजारांत आवक होते, दक्षिणेकडचे व्यापारी माल उचलतात. त्या गर्दीत तुम्ही पाच क्विंटल घेऊन उभे राहिलात तर भाव तुम्ही ठरवत नाही. व्यापाऱ्याची खरी कमाई पुढच्या महिन्यांत असते. त्याच्याकडे शीतगृहाची जागा आहे आणि पैसा अडकवून ठेवायची ताकद आहे.

चिंच कुजत नाही, पण काळी पडते. नवी चिंच तांबूस, पावसाळ्यातली हवा लागली की गडद, वर्षभरानं काळी. चव राहते, भाव राहत नाही, कारण दुकानात गिऱ्हाईक रंग बघतं. शीतगृहात रंग टिकतो. जवळ शीतगृह असेल तर महिन्याचं पोत्यामागं भाडं विचारून हिशेबात घाला. नसेल तर कडक वाळवून, घरात करतात तसं मीठ लावून, दाबून, हवाबंद पिशवीत भरून, कोरड्या जागी जमिनीपासून वर ठेवा. लोखंडी डब्यात ठेवू नका, चिंचेचं आम्ल लोखंड खातं. ओलसर चिंच वजनाला बरी दिसते म्हणून तशीच भरू नका. ते पाणी तुम्ही गिऱ्हाइकाला विकलंत, तर जुलैमध्ये ते बुरशी होऊन परत येतं.

आणि किरकोळ विक्रीचा हिशेबही बघून घ्या, म्हणजे स्वप्न आणि खिसा एका रेषेत येतील. अर्ध्या किलोची पाकिटं केली, छापील किंमत किलोला दीडशे. दुकानदाराचे वीस टक्के गेले, राहिले एकशेवीस. पाकीट-लेबल दहा, पोहोचवायचे पाच, साठवणीचे तीन. राहिले एकशेदोन. पडता भाव सत्त्याहत्तर. सव्वापाचशे किलोवर साधारण तेरा हजार. हे सहा-आठ महिन्यांत मिळून, आणि तोवर तुमचे चाळीस हजार अडकलेले. कर्ज काढून केलं असेल तर व्याज यातूनच.

तेरा हजार ऐकून कुणाचा चेहरा पडला असेल. पडू द्या. पण यात सगळी मजुरी दिलेली आहे, कुणाच्या श्रमावर पाय ठेवलेला नाही. दहा क्विंटलवर हे जमलं, तर तीस क्विंटलवर तुम्हाला काय करायचं ते माहीत असेल. आणि नाही जमलं, तर दहा वर्षं वाट बघायच्या आत, एका उन्हाळ्यात कळलं.

गिऱ्हाईक कुठलं धरायचं? सगळे जण आधी किराणा दुकानाकडे धावतात. मी आधी खानावळी, भेळ-पाणीपुरीच्या गाड्या, इडली-सांबारवाले यांच्याकडे जाईन. भेळवाल्याला रोज चिंचेचं पाणी लागतं. त्याला रंगीत पाकीट नको, त्याला चिंचोका आणि शीर नसलेला गर हवा, कारण भिजवून, कुस्करून, गाळायला त्याचा पोरगा तासभर घालवतो. तुमच्या पाच किलोच्या साध्या पिशवीनं त्याचा तो तास वाचत असेल, तर तो किलोला पाच रुपये जास्त देईल आणि दर आठवड्याला देईल. त्याच्याकडे जाताना अर्धा किलो नमुना फुकट न्या, दोन दिवसांनी परत जा. कोकणात माल पाठवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, तिथल्या आमटीत आमसूल बसलेलं आहे. घाटावर चिंच-गुळाची आमटी घरोघरी आहे, तिथं आधी विका.

आता चिंचोके. दहा क्विंटलमध्ये साडेतीन क्विंटलच्या आसपास चिंचोके निघतात, म्हणजे तुम्ही विकत घेतलेल्या वजनाचा तिसरा हिस्सा. तो आवारात ढीग लावून ठेवू नका. चिंचोक्याची पूड कापड गिरण्यांमध्ये सुताला खळ द्यायला आणि छपाईत रंग घट्ट करायला वापरतात. आपल्याकडे घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, हे ज्यांच्या घरी घोंगडी आहे त्यांना माहीत असेल. म्हणजे याला खरेदीदार आहे. अडत्याला गराच्या आधी चिंचोक्याचा भाव विचारा. गराचा भाव तो घासाघीस करूनच सांगणार, चिंचोक्याचा मात्र बऱ्याचदा सरळ सांगतो. वाळवून, कीड लागण्याआधी विका. पूड करायचं यंत्र हा वेगळा आणि मोठा धंदा आहे, त्यात आत्ता शिरू नका.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. पाकीट विकायचं म्हटलं की एफएसएसएआयची नोंदणी हवी, आणि पाकिटावर वजन, तारीख, किंमत, तुमचं नाव-पत्ता वगैरे तपशील वजन-मापाच्या नियमांप्रमाणे छापलेले हवेत. वाळलेल्या चिंचेवरचा जीएसटी १ ऑक्टोबर २०१९ पासून शून्य केला गेला. पेरणीसाठी नसलेल्या चिंचोक्यांवर मात्र १ ऑक्टोबर २०२१ पासून पाच टक्के लागला. एकाच फळाच्या दोन भागांना दोन नियम! चटणी, सॉस, पेस्ट केलीत की तो पुन्हा वेगळा माल ठरतो. तुमच्या मालाला आज काय लागतं ते सीएला किंवा कर सल्लागाराला एकदा विचारून वहीत लिहून ठेवा.

अनुदानाचं म्हणाल तर केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, जिला पीएमएफएमई म्हणतात, प्रकल्प खर्चाच्या पस्तीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान आणि बचत गटाच्या सदस्याला चाळीस हजारांपर्यंत बीज भांडवल अशी तरतूद ठेवली होती. सध्या अर्ज घेतात का, ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. पण ताई, दादा, एक विनंती. अनुदान मिळतंय म्हणून यंत्र घेऊ नका. तुमच्या वहीत एक हंगाम लिहिलेला असेल तर बँकेचा अधिकारीसुद्धा तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलतो.

शेवटी झाडाच्या मालकाबद्दल, कारण धंदा त्याच्या बांधावर उभा आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली चिंच हे परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांच्या यादीत आहे. तरीही जुन्या चिंचा जातात. रस्ता रुंद होतो, वाटणी होते, लाकडाचे पैसे एकदम मिळतात. वर्षाला पाचशे रुपये देणारं झाड मालकाला पिकावरची सावली वाटतं. तेच झाड वजनावर चार हजार द्यायला लागलं, तर त्याच्याकडे तो वेगळ्या नजरेनं बघतो. म्हणून काट्यावर पाप करू नका, आणि चिठ्ठीवर वजन, भाव, तारीख लिहून सही करून एक प्रत त्याला द्या. पुढच्या वर्षी व्यापाऱ्याचा माणूस आला की तो ती चिठ्ठी काढून दाखवेल.

होळीच्या पंधरा दिवस आधी सायकल किंवा मोटरसायकल काढा. सोबत वही, ताणकाटा आणि एक पिशवी घ्या. प्रत्येक झाडाखालची पाच-सहा फळं पिशवीत घालून त्यावर झाडाचं ठिकाण लिहा, घरी येऊन ती फोडा, गर आणि चिंचोका वेगळा तोला. वीस झाडं झाली की मला त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवा. पुढच्या व्हिडिओत आपण ती पानं घेऊन बसू.